काटेवाल्याचा पॉज

७ जून, शनिवार
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प: कमी बोलायचं. बोलण्याआधी थांबायचं. आणि पुढच्या महिन्यात उघडणाऱ्या नव्या शाखेचा मॅनेजर व्हायचं. मालकांनी अजून नाव जाहीर केलेलं नाही, पण चष्म्याच्या या दुकानात इतक्या वर्षांनंतर माझ्याशिवाय आहे कोण?

प्रेरणा: ‘गंज’. असली मालिका झाली नाही, होणार नाही. भंगाराचं गोडाऊन, आत चोरीचा माल. टोळीची मालकीण मावशी. दोन खून स्वतःच्या हाताने, बाकीचे हुकुमाने. आणि फाटकाशी वजनकाट्यावर बसणारा काटेवाला. एक खून नाही. आवाज चढवणं नाही. कोणी काही विचारलं की आधी नुसता बघतो. थांबतो. मग एकच वाक्य. समोरच्याला घाम फुटतो. तो पॉज म्हणजे काय अभिनय आहे!

काल त्याने मावशीला पोलिसांच्या हवाली केलं. जिने उपाशी पोर म्हणून उचलून वाढवलं, तिलाच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

‘गंज’च्या चाहत्यांचा ग्रुप सकाळपासून पेटलाय. मी ॲडमिन.

८ जून, रविवार
साडूने ग्रुपवर लिहिलं की मावशी खुनी असेल, पण विकाऊ नाही. काटेवाला म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ. बत्तीस जणांनी अंगठे दिले. बँकेत बसून माणूस इतका रिकामा कसा असतो?

मी उत्तर दिलं: खून करणारी देवी आणि खरं सांगणारा राक्षस, वा! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. चार अंगठे. त्यातला एक माझाच, दुसऱ्या नंबरवरून.

हिला विचारलं, तू कोणाच्या बाजूने. ही म्हणाली, मावशी वाईटच बाई आहे, पण तिच्या घरी जेवायला बसायची मला भीती वाटणार नाही. काटेवाल्याच्या घरी वाटेल.

हा काय मुद्दा झाला? बायकोशी तात्त्विक चर्चा करायची नाही. (नवा संकल्प.)

९ जून, सोमवार
दुकानात पॉजचा पहिला प्रयोग. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही फ्रेम केवढ्याला. मी नुसता बघत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी बघतोच आहे. मग त्याने काउंटरवरच्या पोरीला विचारलं, यांना ऐकायला कमी येतं का?

तरी त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं, हे मी टिपलं. उकडत होतं, हे मान्य. पण तरीही.

१० जून, मंगळवार
दादांबद्दल लिहायला हवं. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवतात ते दादा. मला या दुकानात त्यांनीच आणलं. स्क्रू कसा धरायचा इथपासून शिकवलं. पोरा म्हणतात मला, अजून.

वर्षभरापासून त्यांचे डोळे गेल्यातच जमा आहेत. हात पक्के आहेत, बोटांनी काच ओळखतात, पण डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही. हे फक्त मला ठाऊक. (हिला सांगितलंय, ते धरायचं नाही.) म्हणून चिठ्ठीवरचे नंबर मी मोठ्याने वाचतो, ते काच करतात. धाकटीचं शिक्षण संपेपर्यंत निभाव रे पोरा, म्हणाले होते. मी निभावतोय. माणुसकी म्हणून.

त्रास मात्र फार. हल्ली डॉक्टर लोक इतकं बारीक लिहायला लागलेत की कागद हात ताणून लांब धरावा लागतो. मोबाइल कंपन्यांनीही अक्षर लहान केलंय. कशातच क्वालिटी राहिली नाही.

१२ जून, गुरुवार
भानगड. शाळेच्या हेडबाईंनी गेल्या आठवड्यात नवा चष्मा नेला होता. दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, पायऱ्या खोल दिसतात. मी नेहमीचं सांगितलं, नवा आहे, सवय होईल. काल त्या जिन्यावरून पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये. त्यांच्या भावाने येऊन काउंटरवर चष्मा आपटला. नंबर वजा तीनचा, काच वजा पाचची.

मालक लालबुंद. दादा पुढे झाले आणि म्हणाले, माझी चूक. मग माझ्याकडे एकदा बघितलं. अर्थात त्यांच्या बघण्याला आता काय अर्थ आहे म्हणा.

चिठ्ठी मीच वाचून दिली होती, म्हणजे चूक वाचण्यात असणं शक्य नाही. ऐकण्यात असेल. डोळ्यांपाठोपाठ कानही.

१३ जून, शुक्रवार
आजचा एपिसोड: मावशी कोठडीत. काटेवाल्याला इन्स्पेक्टर विचारतो, झोप लागते का? पॉज. लागते.

काय उत्तर आहे!

ग्रुपवर युद्ध. मावशीवाले म्हणाले, ज्याने कधी चिखलात हात घातलाच नाही त्याचे हात स्वच्छ असणारच, त्यात कसलं कौतुक. आम्ही म्हणालो, मग तुम्हीही घालू नका. अशात एका नर्सबाईने लिहिलं की दोघंही तुरुंगात हवेत, आणि पहिल्या भागात मेलेल्या वॉचमनचं नाव तरी कोणाला आठवतं का?

कोणालाच आठवेना. ग्रुपवर पहिल्यांदाच शांतता पसरली. मग साडूने आणि मी एकमताने बाईंना ग्रुपमधून काढलं. नंतर पुन्हा सुरू.

१५ जून, रविवार
विचार करतोय. हेडबाईंच्या मनगटाचा. दादांच्या डोळ्यांचा. नव्या शाखेचा. हे तीन वेगळे विचार आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

काटेवाल्याने काय केलं असतं?

१६ जून, सोमवार
मालकांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. पॉज घेतला. इतका जमला की मालक उठून उभे राहिले, छातीत दुखतंय का विचारलं, पाणी दिलं. पाणी पिऊन मी एकच वाक्य बोललो: दादांना दिसत नाही.

मालक बराच वेळ गप्प. त्यांचाही पॉजच म्हणायचा, पण कच्चा.

गिऱ्हाइकांच्या भल्यासाठी सांगितलं. रात्री कशी झोप लागते ते बघू.

१७ जून, मंगळवार
लागली.

दादांना आजच घरी पाठवलं. मालक नीट बोलले, हिशेब चोख केला, वाईट कोणीच नाही. दादांनी आपला छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फडकं पिशवीत टाकलं. चपला सापडेनात त्यांना. जमिनीवर हात फिरवत बसले. मी पायाने पुढे सरकवल्या. मदत ती मदत.

दारात थांबून विचारलं त्यांनी, कोणी सांगितलं असेल रे पोरा?

मी पॉज घेतला. तेवढ्यात तेच म्हणाले, काउंटरवरची पोरगी असणार. नवी आहे, हेडबाईंचं बघून घाबरली असेल. तू तिला काही बोलू नकोस हं.

मी शब्द दिला. आणि पाळलाही, तिला अवाक्षर बोललो नाही. दिलेला शब्द पाळणारी माणसं आता राहिली कुठे?

हिला सांगितलं, दादा रिटायर झाले. ही म्हणाली, असे अचानक? मी पॉज घेतला. ही म्हणाली, तोंड उघडं ठेवून काय बसलाय, माशी जाईल.

२० जून, शुक्रवार
आज बोलावणं आलं. इस्त्रीचा शर्ट. केबिनमध्ये मालक, आणि का कोण जाणे, काउंटरवरची पोरगीपण.

मालक म्हणाले, नवी शाखा सांभाळाल का?

आयुष्य ज्या प्रश्नासाठी थांबलं होतं तो प्रश्न. लगेच हो म्हणणं म्हणजे लाळ गाळणं. मी बघितलं. थांबलो. आतापर्यंतचा सगळ्यात सुंदर पॉज, काटेवाल्याने टाळ्या वाजवल्या असत्या. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मालक म्हणाले, ठीक आहे, मन नसेल तर जबरदस्ती नाही. आणि मान वळवून पोरीला विचारलं, तू? ती प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाली, हो, सांभाळते.

झालं.

मी म्हणालो, अहो, मी हो म्हणणारच होतो. मालक म्हणाले, एवढा विचार करावा लागतो म्हणजे नाहीच. शिवाय एक विचारायचं राहिलं होतं. दादांचं सांगितलंत ते बरंच केलंत. पण वर्षभर त्यांच्या शेजारी बसून बघत होतात, तेव्हा का नाही सांगितलं?

मी थांबलो. या वेळी मुद्दाम नाही.

एपिसोड बघितला नाही. डोकं दुखत होतं.

२१ जून, शनिवार
मालक चुकले. दोन आठवड्यांत पोरगी रडत परत येईल. संकल्प: ती आली की मोठ्या मनाने वागायचं. तोवर मागच्या खोलीत दादांचं काम माझ्याकडे. चिठ्ठी मीच वाचतो, काच मीच करतो, मध्ये कोणी आंधळा नाही. आता बघा कशी एक तक्रार येते.

२४ जून, मंगळवार
दोन आल्या.

एक ड्रायव्हर म्हणाला, समोरची बस दोन दोन दिसते. मी म्हणालो, सवय होईल. तो म्हणाला, कशाची, बसची?

काचा खराब लागल्यात. कंपनीला लिहायला हवं.

२५ जून, बुधवार
पोरगी मॅनेजर व्हायच्या आधीच मॅनेजरगिरी करायला लागली. मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. लांबचा तक्ता घडाघडा वाचला मी. मग जवळचा कागद हातात दिला. त्यावर अक्षरं नव्हती, मुंग्या होत्या.

अधिक दोन.

वयाचा नंबर आहे, सगळ्यांनाच लागतो. तीच म्हणाली, दोनेक वर्षांपूर्वीच घ्यायला हवा होता.

मग फ्रेम पुसत अगदी हळू बोलली. दादांना दिसत नाही हे मला आल्यापासून माहीत होतं. तुमचं मोठ्याने वाचणं काउंटरपर्यंत यायचं. कागद किती लांब धरायचात तेही दिसायचं. वाटायचं, इतका जीव लावणारा माणूस वाचताना चुकणार नाही.

तिला माहीत होतं आणि ती बोलली नाही. म्हणजे गुन्हेगार तीसुद्धा. हा मुद्दा तेव्हा सुचला नाही, आत्ता सुचला.

चष्मा चढवला. फरशी जवळ आल्यासारखी वाटली. ती म्हणाली, सवय होईल.

२६ जून, गुरुवार
हिला चष्म्याचं सांगावं लागलं, नाकावरच होता. ही म्हणाली, बरं झालं. भाजी चिरत राहिली. मग सुरी थांबली. म्हणाली, अहो, पण मग दादांना नंबर कोण वाचून दाखवत होतं?

मी म्हणालो, उजेड कमी होता तिकडे.

ही बराच वेळ माझ्याकडे बघत थांबली. बोलली काहीच नाही. पॉज हिला उपजत आहे, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

दादांच्या हाताने काच चुकली नव्हती. हे वाक्य खोडायचं आहे. नंतर खोडीन.

२७ जून, शुक्रवार
शेवटचा एपिसोड. मावशीला जन्मठेप. गोडाऊन रिकामं, काटेवाला काट्यावर एकटा बसलेला. वजन करायला काही नाही. कोणी काही विचारत नाही, म्हणून पॉजही नाही.

त्यानंतर काटेवाल्याच्या नटाची मुलाखत. म्हातारा, हसरा, फार बोलतो. मुलाखत घेणारीने विचारलं, तो गाजलेला पॉज कसा सुचला? तो म्हणाला, कसला पॉज बाई? पाठांतरच होत नव्हतं. वयाने डोक्यात काही राहीना. काट्याच्या केबिनमागे एक जण बसायचा, माझी वाक्यं हळूच वाचायचा. ती ऐकेपर्यंत मी थांबायचो.

ती हसली. मग तो रडायला लागला. म्हणाला, दिग्दर्शकाला कळलं असतं तर त्या दिवशीच घरी बसवला असता मला. पण त्या पोराने चारही सिझनमध्ये कोणाला पत्ता लागू दिला नाही.

ग्रुपवर सगळ्यांचे डोळे पाणावले. मावशीवाले, काटेवाले, सगळे एक झाले. साडूने लिहिलं, मालिकेतला खरा हिरो तो वाचणारा. एकशे चाळीस अंगठे. नव्या चष्म्यातून एकेक अंगठा स्वच्छ दिसत होता.

मी काहीतरी लिहायला घेतलं. लिहिलं नाही. ग्रुप सोडला. ॲडमिन आपोआप साडू झाला.

२८ जून, शनिवार
सकाळी दादांचा फोन. घरी बसून आता दिवसभर टीव्ही ऐकतात म्हणे. आवाज खुशीत होता. म्हणाले, पोरा, कालची मुलाखत ऐकलीस का? तो मागे बसून वाचणारा! अरे, मला तर तुझीच आठवण आली. घरात सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडे पण असाच एक होता.

मी काही बोललो नाही.

दादा म्हणाले, हॅलो? पोरा? आहेस ना? बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणाले, काउंटरवरची पोरगी येऊन गेली, तुझं ऐकणं कमी झालंय असं गिऱ्हाइकं म्हणतात म्हणाली. दुसरं काही सांगितलं नाही तिने. हे बघ, माझे डोळे तर गेलेच, तू वेळेवर कान तपासून घे.