साचे बंद करायची खूण

१० जाने., नवागाम
गळ्याचा रिपोर्ट आला. डॉ. म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मी विचारलं, निवडणुकीनंतर काढलं तर? ते इंदूकडे बघून म्हणाले, "काकी, तुम्हीच समजवा यांना." जन्मभर मी कारखान्याच्या गेटवर भाषणं करून लोकांना समजावलं.

१२ जाने.
पक्षाच्या ऑफिसात बातमी आधीच पोचलेली. "दादा, हवे तमे आराम करो." आता आराम करा म्हणे. नगरसेवकाचं माझं तिकीट आमच्या कारखान्याच्या शेठच्या पुतण्याला. याच शेठच्या गेटवर मी संपात उपाशी बसलो होतो. आणि म्हणे कामगारांचा पक्ष.

१४ जाने.
उत्तरायण, म्हणजे संक्रांत. पतंग कापला की गच्च्यांवर "काप्यो छे"चा गोंगाट. त्यात मीही ओरडून घेतलं. घोगरा का होईना, आवाज निघाला. मग खाली येऊन रडलो.

१९ जाने.
उद्या ऑप. भीमा आला. एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आम्ही साचे, म्हणजे माग, चालवायचो. खडखडाटात ऐकू येत नसे, म्हणून हातांनी बोलायचो. पाणी, बोबीन, शेठ आला. तळहात छातीशी आडवा म्हणजे साचे बंद. जाताना म्हणाला, "तुना आवाज गया ते गया. तू तं शे ना." तू तर आहेस, एवढं त्याला पुरेसं.
इंदूला शेवटचं काहीतरी चांगलं बोलायचं होतं. चहा गोड झालाय, एवढंच म्हणालो.

८ फेब्रु.
घरी. गळ्याला भोक. पाटीवर लिहून भांडता येत नाही. समोरचा वाचेपर्यंत राग निवून जातो.

२ मार्च
पुतण्याच्या खात्यात शॉक लागून एक कारागीर गेला. खानदेशातलाच, लग्न नुकतंच झालेलं. प्रेत उचललं, साचे चालूच. भीमा तिथेच कामाला; त्याच्यासोबत आत गेलो, तळहात छातीशी आडवा धरला. भीमाने साचा थांबवला, आणखी दोघा म्हाताऱ्यांनी. बाकी सगळी नवी पोरं, कानात इयरफोन. त्यांना वाटलं, मी मतं मागायला आलोय. एकाने हसून हात जोडले.

३ मार्च
भीमा उद्या पाळी बदलताना पोरांना गेटबाहेर थांबवून खूण शिकवणार आहे. थांबतील का...
जेवायला इंदूने आमच्या खात्यातल्या हातखुणेने बोलावलं. कधी शिकली कोण जाणे.
उद्या गेटवर भीमासोबत उभं राहायला पांढरा शर्ट तिने इस्त्री करून ठेवलाय. वरचं बटण लावायचं की भोक दिसू द्यायचं, ठरत नाही.