फोटोतल्या माणसाची प्रत

हुडकेश्वर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

परवा शुक्रवारी सकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हटली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि चौकात ओमप्रकाशभाऊच्या तर्रीपोह्याच्या गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. त्या सकाळचे सगळे तुला सांगायचे आहे. दोन दिवसांपासून तुझा प्रीतम उमरेडला घरी आला आहे आणि तुझा फोन तोच उचलतो, म्हणून पत्र. एकटीने वाच.

माझ्या कॅमेऱ्याला तू काचेचा डोळा म्हणतेस. वर्कशॉपात दुपारची पाळी असली की सकाळ त्या डोळ्याची. थंडीत सूर्य समोरच्या नव्या बांधकामामागून वर येतो आणि तर्रीच्या पातेल्यावरची वाफ क्षणभर लाल होते. ती वाफ आणि तिच्यामागे ओमप्रकाशभाऊचा चेहरा, एवढा एक फोटो मला हवा होता. डिसेंबरपासून जमत नव्हता. कधी वारा यायचा, कधी गिऱ्हाईक मध्ये. मी रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाला टेकतो, नजर त्याच्या पळीवर जुळवून ठेवतो आणि वाट पाहतो. बोट दाबून धरले की कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहतो.

शुक्रवारी वाफ जमली. मी बोट दाबले आणि त्याच वेळी तोंडाला दुपट्टे बांधलेले तिघे चौकटीत शिरले. बांधकामाच्या फाटकासमोरून गाडी हलव, असे ओमप्रकाशभाऊला महिनाभर सांगणे चालले होते. एकाने शेगडीला लाथ मारली. उकळती तर्री ओमप्रकाशभाऊच्या मांड्यांवर सांडली. तो ओरडत वाकला, तसे दुसऱ्याने त्याचे केस धरले. तिसऱ्याच्या हातात सळई होती. ताई, सळई हाडावर बसते तेव्हा ओले लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो. पोहे खाणारे प्लेटा टाकून पळाले. माझे बोट दाबलेलेच होते.

सळईवाल्याचा दुपट्टा सुटला. तो आपला प्रीतम होता.

ओमप्रकाशभाऊ दवाखान्यात आहे. पाय मोडला, मांड्यांची कातडी गेली. त्याने पोलिसांना सांगितले की तोंडे बांधलेली होती, कोणी ओळखू आले नाही. फोटो माझ्याजवळ आहेत हे मेघाशिवाय कोणाला ठाऊक नाही.

माझा नेम तुला माहीत आहे. भिवापूरच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायांचे फोटो काढले, तर पुढच्या रविवारी एस.टी.ने जाऊन प्रत्येकीला प्रत दिली. एक आजी मधल्या काळात गेली होती, तिची प्रत सुनेच्या हाती दिली. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील. चेहरा त्या माणसाचा, मी तो विचारल्याशिवाय घेतो, म्हणून प्रत परत देतो. आता या फोटोंच्या प्रती कोणाला देऊ? एका फोटोबद्दल तर मी तुलाही लिहीत नाही. काय करू ते तू सांग.

तुझी भावजय मेघा जयभीम सांगते. धाकट्या भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
रवींद्र


उमरेड
१४ फेब्रुवारी

चि. रवीस,
तुह्या ताईचा आशीर्वाद अन् जयभीम.

तुहं पत्र भेटलं. मी चौथी शिकलेली, मले तुह्यासारखं लिवता येत नाही, हासू नको.

प्रीतम घरीच हाय. दिवसभर भिंतीकडं तोंड करून झोपून राहते. ताट तसंच परत जाते. मी खोदून विचारलं तवा रडला. म्हणे, बांधकामाच्या मालकानं गाडी हटवाले पाठवलं, बाकीचे दोघं मारून राहिले होते म्हून मीबी एक-दोनदा मारलं. पण मामाले पाहिलं अन् माहा हात तिथंच थांबला, सळई फेकून पळालो. आयकलं का गा? तुले पाहून त्याचा हात थांबला. तेवढी लाज हाय अजून त्याच्यात.

मंगळवारी दोन पोलीस आले होते, त्या बांधकामावरच्या साऱ्या पोरायची चौकशी करून राहिले होते. मी सांगतलं, शुक्रवारी पोरगा माह्याबरोबर हरभरा सोंगत होता. खोटं बोलली. आता तू मले चौथं शील सांगशील, मले ठाऊक हाय. सांग. मले शील शिकवणारे बाबा गेले, घरधनी गेला, एक हे पोरगं उरलं. तू काढलेला त्याचा फोटो अजून भिंतीवर हाय, माह्या मांडीवरचा, तोंडात मूठ घातलेला. त्या भिंतीखालीच निजते तो.

अन् एक मले सांग रवी. तू ते बोट काहून दाबून ठेवलं? कॅमेरा फेकून धावला काहून नाही? तुह्या आवाजानं तो पहिल्याच फटक्याले थांबला असता. तुह्या काचेच्या डोळ्याले सारं दिसते, पण त्याले पाय नाहीत.

पुसून टाक ते फोटो. बहिणीनं आजवर तुले काही मागतलं नाही.

मेघाले सांग, तीळ ठेवले हायेत, कोणी आलं तर पाठवीन. माह्यावर रुसू नको.

तुही ताई,
भीमाबाई


उमरेड
१७ फेब्रुवारी

रवीमामास जयभीम.

आईच्या उशीखालचं तुमचं पत्र मी वाचलं. आईले हे सांगू नका.

फोटोचं माह्या तोंडून फोनवर त्या दोघायजवळ निघून गेलं. मले नव्हतं बोलायचं. ते आता म्हणून राहिले, मामाचा कॅमेरा फोडू, नाही आयकलं तर बोटं फोडू. मामा, ते नुसतं बोलत नाहीत, हे तुमी पाहिलं हाय. मी त्यायले थांबवू शकत नाही. कॅमेऱ्यातलं फोटोचं कार्ड मले द्या, मी त्यायच्या समोर जाळतो, मंग कोणी तुमच्या दारात येणार नाही.

तुमीच मले रामटेकले टेकडीवर कॅमेरा धराले शिकवलं. श्वास रोखून दाब म्हणे, हात हालत नाही. मी लहान होतो, तुमच्या खांद्यावर बसून तलावाचा फोटो काढला. त्या पोराले जेलात टाकसान?

तुमाले पाहून माहा हात थांबला. तुमाले तर माहीत हाय.

भाच्यावर लोभ असला तर कार्ड द्या.

प्रीतम


हुडकेश्वर, नागपूर
२३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

अक्षर मेघाचे आहे, बोलणे माझे. माझ्या उजव्या हाताला प्लास्टर आहे.

गुरुवारी दिवेलागणीला ते दोघे घरात शिरले. मी कार्ड कुठे आहे ते सांगेना, तेव्हा आपल्याच वरवंट्याने त्यांनी कॅमेरा फोडला. मेघा मध्ये पडली तर तिला दाराच्या कडीवर ढकलले. तिच्या कपाळाला टाके पडले आहेत, हे ती लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावले. मग एकाने माझा हात पाटावर दाबून धरला आणि दुसऱ्याने तर्जनी मागे वाकवली. ती मोडली तेव्हाचा आवाज मला ओळखीचा वाटला. प्रीतम आमच्या फाटकाशी मोटरसायकल चालू ठेवून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

कार्ड त्यांना मिळाले नाही, कारण ते घरात नव्हते. प्रती काढायला मी ते बुधवारीच धरमपेठेतल्या स्टुडिओत देऊन आलो होतो. प्रती कोणाला द्यायच्या हे तेव्हाही ठरले नव्हते. पण फोटो काढले की प्रती करायला टाकायच्या, या सवयीने पाय तिकडे वळले.

मी धावलो का नाही, असे तू विचारलेस. रोज वंदनेला बसलो की तोच प्रश्न समोर येऊन बसतो. मी रस्ता ओलांडायला हवा होता. नाही ओलांडला.

आता तो फोटो, जो मी तुला लिहिला नव्हता. पहिले फटके ओमप्रकाशभाऊच्या पाठीवर बसले. मग प्रीतमचा दुपट्टा सुटला. पुढच्या फोटोत तो सरळ काचेत पाहतो आहे, माझ्या डोळ्यांत. त्याने मला ओळखले आहे. त्याच्या पुढच्यात सळई डोक्याच्या वर आहे आणि नजर अजून माझ्यावरच आहे. आणि त्याच्या पुढच्यात ती ओमप्रकाशभाऊच्या गुडघ्यात उतरली आहे. पाय त्या फटक्याने मोडला. मला पाहून त्याचा हात थांबला नाही, ताई. थांबलेला हात तुला धरून बसायला मिळाला होता, तो हिसकावून घ्यायचे धैर्य मला इतके दिवस झाले नाही.

काल सकाळी वंदना केली. प्लास्टरमुळे हात नीट जुळले नाहीत. धरमपेठेतून प्रती घेतल्या आणि दवाखान्यात गेलो. ओमप्रकाशभाऊने आधी वाफेचा फोटो पाहिला. वाफ लाल आली आहे, तो पळी उचलून हसतो आहे. त्याने विचारले, हा मीच का, आणि बायकोला दाखवला. मग मी बाकीचे त्याच्या पांघरुणावर ठेवले. प्रीतमच्या चेहऱ्यावर त्याने बराच वेळ बोट ठेवले आणि म्हणाला, “भैया, ये लडका तो रोज आता था मेरे पास. तर्री ज्यादा मांगता था.” मी सांगितले, हा माझ्या बहिणीचा मुलगा आहे. त्याने फोटो उलटा ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवले.

तिथून ठाण्यात गेलो. कार्ड दिले, तिघांबद्दल सांगितले, प्रीतमचे नाव मी माझ्या तोंडाने लिहवले आणि खाली डाव्या हाताने सही केली. तू हरभऱ्याचे जे सांगितलेस ते खरे नाही, हेही सांगितले. हे पत्र पोचेपर्यंत पोलीस तुझ्या दारात येऊन गेले असतील. प्रीतमला जेलात भेटायला जाशील तेव्हा मी उमरेडच्या स्टँडवर असेन. माझ्याशी बोलू नकोस, मी मागच्या सीटवर बसेन.

फोटोत जो आहे, त्याची प्रत त्याला. काचेत पाहून उचललेल्या सळईच्या त्या फोटोची एक प्रत या पाकिटात घातली आहे. मागे त्याचे नाव मी डाव्या हाताने लिहिले आहे. ती प्रीतमची आहे, त्याला दे.

माया उरली असेल तर राहू दे, मागत नाही.

तुझा धाकटा,
रवींद्र