वासाचा रकाना

॥ श्री ॥

जुनी हुबळी, ८ ऑगस्ट १९९६

चि. वेदश्रीस, आज्जीचे डब्यात मावणार नाहीत इतके आशीर्वाद.

तुझ्या केमिष्ट्रीच्या वर्गात साठ जण अन् त्यात मुली अकराच, हे मी देवळात सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, काल गिरणीतही सांगितलं. गिरणीवाला शंकर म्हणाला की आज्जी हे तिसऱ्यांदा झालं. म्हटलं, पीठ बारीक दळ, चौथ्यांदाही सांगेन. आपल्या घरात वकील झाले, मास्तर झाले, पण पांढरा कोट घालून काचेच्या नळीत रंग काढणारी मुलगी पहिलीच. मी तिसरीत शाळा सोडली, तीही कन्नड शाळा. मराठी अक्षरं तुझ्या आजोबांनी लग्नानंतर माझ्याकडून गिरवून घेतली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू दोन रविवार आली नाहीस. तुझा अप्पा चिडवतो की बसनं पाऊण तासाची वाट, अन् या दोघी पत्रं लिहितात. लिहीनात का. शेजारचा पद्मनाभ रोज ऑफिसला धारवाडला जातो, तुझा डबा होस्टेलच्या फाटकाशी देतो अन् संध्याकाळी रिकामा घेऊन येतो. पिशवीत एक कागद जास्त झाला म्हणून त्याचा खांदा काही मोडत नाही.

तुझी आई चार दिवस बेळगावला माहेरी गेली आहे, म्हणून स्वयंपाक सगळा माझ्या एकटीच्या हातचा. भाकरी, मुगाची उसळ अन् ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी घातली आहे. संपव. पूर्वी डबा चाटूनपुसून यायचा, हल्ली तू काहीच कळवत नाहीस, आवडलं की नाही ते. दोन ओळी तरी लिही.

तुझ्यावर जीव लावून बसलेली,
आज्जी


धारवाड, ८ ऑगस्ट

ती. आज्जीस, वेदश्रीचा सा. न. वि. वि.

डबा पोचला. संपवला. इथे ठीक आहे.

एक सांगते, अप्पांना सांगू नकोस. मंगळवारच्या प्रॅक्टिकलला मी तीन वेळा गेले नाही. या तेरा तारखेलाही चुकलं तर वहीवर सही मिळणार नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं. हे मला समजतं. पण उठून जावंसं वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. कोट घालून खाटेवर बसते. तास संपल्याची घंटा होते, मग कोट काढून खुंटीला लावते.

तू रागावलीस तरी चालेल.

तुझी,
वेदश्री


जुनी हुबळी, ९ ऑगस्ट

चि. वेदूस, आज्जीचे घाईतले, पण पुरेपूर आशीर्वाद.

पद्मनाभ दारात उभा आहे अन् घड्याळ दाखवतो आहे. दाखवू दे.

अप्पाला सांगितलं नाही. पण आधी दुसरं विचारते. काल दुपारी तो जेवायला आला, पहिला घास तोंडाशी नेला अन् ताट सरकवलं. नारळ आतून कुजका निघालेला. खवताना मला जरा पिवळट दिसला होता, पण मिरची-कोथिंबीर पडल्यावर रंग कुठे उरतो. तो म्हणाला, आई, अख्ख्या घरात वास भरलाय, तुला येत नाही? मी पडशाचं नाव सांगितलं. अन् तू लिहितेस, डबा संपवला. मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस ना? टाकलीस ना चटणी? खरं काय ते कळव.

आज नुसतं वरण-भात अन् लोणचं आहे. ते मीच जपून केलं आहे.

तुझी वाट बघणारी,
आज्जी


धारवाड, ९ ऑगस्ट

ती. आज्जीस, सा. न. वि. वि.

चटणी मी खाल्ली. सगळी. माझ्या खोलीत ज्योती राहते, अळणावरजवळच्या खेड्यातली. डबा उघडल्यावर तिनं नाक धरलं आणि टाकून दे म्हणाली. मला वाटलं, तिला खोबरं आवडत नसेल. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. आता बरी आहे.

जूनमध्ये मला ताप आला होता ना, तो उतरल्यापासून मला वास येत नाही. कशाचाच नाही. आधी वाटलं परत येईल, म्हणून सांगितलं नाही. मग सांगायचंच राहिलं. जेवण म्हणजे गरम किंवा गार, एवढंच उरलंय. बाकीचंही सगळं तसंच झालं आहे.

प्रॅक्टिकलला एक पूड देतात, ती कशाची ते ओळखायचं असतं. वहीत पहिल्याच पानावर रकाने आहेत. रंग, मग वास. सगळे नळी तापवून हातानं वारा घेतात आणि कुणी अमोनिया म्हणतं, कुणी व्हिनेगर. मी ज्योतीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. जुलैत एक दिवस सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू करायचं जे यंत्र आहे, त्याची तोटी माझ्याकडून उघडी राहिली. मी शेजारीच लिहीत बसले होते. सगळे खोकत बाहेर गेले, मला का ते कळलं नाही. डोकं गरगरायला लागलं तेव्हा खाली बसले. तो वायू विषारी असतो. मॅडम आत येऊन तोटी बंद करून म्हणाल्या, "तुला नाक आहे की नाही?" सगळे हसले. त्यानंतर मी गेले नाही.

बी.एस्सी. सोडलेलं बरं, असं वाटतं. घरी काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
वेदश्री


जुनी हुबळी, १० ऑगस्ट

चि. वेदूस, आज्जीचे आशीर्वाद, अन् आज त्याबरोबर एक कबुली.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग मला हसू आलं. रागावू नकोस, आधी ऐक. मलाही वास येत नाही. बेचाळीस वर्षं झाली. तुझा अप्पा पाळण्यात होता तेव्हा मला विषमज्वर झाला, त्यात वास गेला तो गेलाच.

कुणाला बोलले नाही. सासूबाई सोवळ्याच्या कडक. नाक गेलेली सून त्यांनी चुलीशी ठेवली नसती. मग मी कानानं रांधायला शिकले. मोहरीचं तडतडणं थांबलं की हिंग, तीन आकडे मोजायचे, मग कढीलिंब. भात लागायला आला की पातेल्यातला आवाज बदलतो, कागद चुरगाळल्यासारखा होतो. दूध आधी वाटीभर वेगळं तापवून बघायचं. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून सगळं तिच्यापुढे धरते, बघ गं, बरं झालंय का. तिला वाटतं, सासूबाई केवढा मान देतात. ती नव्हती म्हणून तर नारळ निसटला. मी पाठवला अन् तू खाल्लास. दुसऱ्या घरी दोघींपैकी एकीनं तरी नाक मुरडलं असतं.

तुझ्या आजोबांनाही मी सांगितलं नव्हतं. पण ते कचेरीतून आले की उंबऱ्यातूनच मोठ्यानं म्हणायचे, आज मेथी वाटतं. आज तूप कढवलंस. एकदा म्हणाले, काहीतरी जळतंय, पण ते शेजारी, आपलं नाही. मला वाटायचं, भुकेला माणूस बडबडतो आहे. ते गेल्यावर घर गप्प झालं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते मला सांगत होते. मी विचारलं नाही अन् त्यांनी सांगायचं सोडलं नाही. मी आभारसुद्धा मानले नाहीत गं, कारण मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून तू माझ्यासारखं करू नकोस. माझ्या चुलीशी लपवलं तर फार तर भात करपतो, तुझ्या तिथे विषाचा वायू आहे. मंगळवारी जा अन् मॅडमना तोंडानं सांग. पुन्हा हसले तर वही बंद कर, कोट काढ अन् सरळ घरी ये. वर्ष गेलं तर गेलं, तुझ्या अप्पाला मी बघते. पण न सांगता खाटेवर बसायचं नाही. नंतर आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. माझं नाक म्हातारं झालं, तुझं अजून दोन महिन्यांचंच बिघडलेलं आहे.

इतकी वर्षं वाटायचं की अशी मी एकटीच. आता दोघी आहोत. याचा आनंद होऊ नये, पण मला झाला, खोटं कशाला लिहू.

आहे तशीच माया धरून असलेली,
आज्जी


धारवाड, १३ ऑगस्ट

ती. आज्जीस, सा. न. वि. वि.

आज गेले. तास सुरू व्हायच्या आधीच सांगितलं, कारण नंतर जमलं नसतं. मॅडमनी हातातली वही खाली ठेवली. मग म्हणाल्या, "याकव्वा? का गं, आधी का नाही बोललीस? त्या दिवशी मेली असतीस." आणि खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी मी तुला काय बोलले, असं त्यांनी विचारलं. त्यांना आठवत होतं, तरी विचारलं. मी सांगितलं नाही.

माझं टेबल त्यांनी खिडकीशी हलवलं. ते यंत्र चालू असेल तेव्हा मी बाहेर थांबायचं, आणि तोटी बंद झाली की ज्योतीनं मला बोलवायचं, असं ठरलं. ज्योती म्हणाली की हे आधी सांगितलं असतंस तर तुझी उलटी तरी मला काढावी लागली नसती.

माझ्या पुडीत कॉस्टिक सोडा घालून नळी तापवली. काही दिसलं नाही. बाकीच्यांना इथेच वासानं कळतं. मॅडमनी एक काचेची कांडी ॲसिडमध्ये बुडवून नळीच्या तोंडाशी धरायला सांगितली. धरल्याबरोबर दाट पांढरा धूर झाला. नळीतून काहीच येत नाही असं मला वाटत होतं, पण ते सगळा वेळ येत होतं. तो अमोनिया. मी बरोबर ओळखला.

वासाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, जे आहे ते लिही. मी लिहिलं, "कळला नाही. धूर दिसला." त्यांनी खाली सही केली. चुकलेली तीन प्रॅक्टिकलं त्या शनिवारी सकाळी करून घेणार आहेत.

वास अजून येत नाही. सही मिळाली तेव्हा मला आनंद झाला की नाही, तेही नीट सांगता येत नाही. तोंडावर दिसत असेल तर तुला कळेल, म्हणून शनिवारी दुपारच्या बसनं घरी येते. उंबऱ्यातच बघून सांग.

तुझी, तुझ्याच वळणावर गेलेली,
वेदश्री