कवळीचं निमित्त

सप्तापूर, धारवाड

प्रिय श्यामला,

फोनवर माझं बोलणं जड येतं ते नव्या कवळीमुळे, असं तुला सांगितलं ते खोटं. दीड महिन्यापूर्वी मला पक्षाघाताचा झटका आला. तिकडे आपल्या लेकीचे, उत्तराचे, दिवस भरत आले होते. तू पुणं सोडून धावत आली असतीस, म्हणून लपवलं.

आता चालतो. उजवा हात अजून उठत नाही; हे डाव्यानं लिहितोय.

डॉक्टर म्हणाले, झोपेत तुमचा श्वास मधेच थांबतो, यापुढे मशीन लावूनच झोपायचं. तेव्हा तुझं कोपर आठवलं. माझं घोरणं थांबलं की तू ढोसायचीस आणि मी खेकसायचो, "आता गप्प आहे ना, तरी का उठवतेस?"

मशीनचा मास्क रात्री शेजारचे रामचंद्रअण्णा येऊन बांधतात. दुपारी कुणी नसतं. मी खुर्चीत जागाच बसतो.

तू आता नातीचा श्वास बघत बसत असशील, माझा बघायचीस तसा. तिथंच बस. हे पत्र मी टाकणार नाही.

फक्त, त्या मास्कचा पट्टा ओढायला दोन हात लागतात गं.

तुझाच,
पद्मनाभ