पाळण्याला झोका देऊ नकोस

बुधवार, दि. १२ नोव्हेंबर १९५८, सकाळी सव्वासात. घरात मूल एक.

चि. सौ. द्वारका,

तू मळ्यातून परतशील तेव्हा मी बाळाला घेऊन बारामतीच्या दवाखान्यात असेन. वाटेसाठी गाईचे दूध घेतले आहे. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात या तिन्हींवर आता एकच सुई मिळते. तुझी थोरली रतन डांग्या खोकल्याने गेली, तेव्हा ती आपल्याकडे मिळत नव्हती.

परवा तू म्हणालीस, "आबा, सुई नगं. रतन अजून पाळण्यात खोकती. हिला टोचलं तर ती रुसंल." मी तुझ्यावर रागावलो. काल दुपारी तो खोकला मीही ऐकला. बाळ तेव्हा माझ्या मांडीवर शांत झोपले होते. मी पाळण्याच्या कड्या तपासल्या, दारे लावून वारा बंद केला. खोकला थांबला नाही. तो कोणाचा हे मला ठाऊक नाही. तो हिला लागता कामा नये, एवढेच मला कळते.

दवाखान्यात नाव दगडाबाईच सांगेन. दृष्ट लागू नये म्हणून तू ठेवलेले.

आम्ही येईपर्यंत खोकला ऐकू आला, तरी झोका देऊ नकोस.

आबा

निघताना पाळण्यात मुले: शून्य.