माझ्या जागेवर

४ मार्च, सोमवार
रात्रभर झोपच लागली नाही. आनंदानं. नवं क्वार्टर, दोन खोल्या, घरात स्वतःचा नळ, आणि मी सरकारी शिपाई! दहावी दुसऱ्या झटक्यात पास झालेली मी. हे दहा वर्षं फॉर्म भरतायत. मी एकदाच भरला आणि लागले. यांचं आता वय निघून गेलं. गोडाऊनमध्ये यांना पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, पण शेठ संध्याकाळी म्हणेल, उद्यापासून येऊ नको. माझं तसं नाही. माझं पर्मनंट. भाऊ म्हणाला, रोज चार ओळी लिहीत जा, ऑफिसात हात अडखळणार नाही. चिमी नव्या फरशीवर रांगून रांगून काळी झालीय.

८ मार्च, शुक्रवार
हे मला मॅडम म्हणतात. मॅडम, चहा घेणार का. मॅडम, आमची पण फाईल सरकवा की. शेजाऱ्यांसमोर पण. आज मी हसले नाही, तर म्हणाले, सरकारी माणसाला गंमत कळत नाही.

१३ मार्च, बुधवार
ऑफिसातल्या टायपिंगवाल्या बाई घरी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, मी नवऱ्याच्या जागेवर लागले. नोकरीत असताना माणूस गेला की घरच्याला घेतात. परीक्षा नाही, काही नाही. हे चिमीला भरवत होते. हात तसाच राहिला. मग विचारलं, बायको गेली तर नवऱ्याला घेतात का. बाई म्हणाल्या, घेतात की. आणि वय? त्या म्हणाल्या, त्यात सूट असते.
रात्री यांनी स्वतः भांडी घासली. कधी घासत नाहीत.

२० मार्च, बुधवार
ऑफिसनं ड्रेसचं कापड दिलं होतं. यांनीच शिंप्याकडं टाकलं. आज आणलं तर शर्ट मला गुडघ्यापर्यंत. हे म्हणाले, शिंप्याची चूक. मी दुकानात गेले. शिंपी म्हणाला, चूक कसली ताई, दादांनी उभं राहून स्वतःचं माप दिलं. ड्युटी लवकरच लागणार म्हणाले.

२२ मार्च, शुक्रवार
तो शर्ट घालून आरशासमोर उभा होता. खिशाला माझं ओळखपत्र. मला बघून काढलं नाही.
म्हणाला, "शोभतंय ना मला?"
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

२३ मार्च
गोडाऊन सोडलं म्हणतो. हसत सांगतो. माझा फोन सापडत नाही. शेजारचे गावाला गेलेत. खाली दाराला कुलूप, चावी त्याच्या —

२४ मार्च
चिमीला घेऊन गच्चीवर गेलाय. गच्चीला कठडा नाही. मला वर बोलावतोय. गोड आवाजात. टाकीचं झाकण लावायला हात दे म्हणतो. मी गेले नाही. आता चिमी रडतेय. तो तिला गप्प करत नाही —
जावं लागणार. माझं लेकरू आहे.
हे ज्याला सापडेल त्यानं माझ्या भावाला फोन करा. नंबर मागच्या पानावर. त्याला सांगा, चिमीला घेऊन जा. आणि कुणी म्हणालं माझा पाय घसरला, तर भावाला सांगा, मी