वरच्या मजल्यावरचा सूर

४ फेब्रुवारी, बुधवार
मानवजातीवर अन्याय पुष्कळ झाले, पण आज आमच्या वरणावर झाला तसा नसेल. डाळ कच्ची! कारण ती पातेल्यात शिजवली. कारण कुकरला शिट्टी नाही. कारण ती शिट्टी नम्रताने, माझ्या धर्मपत्नीने, वरच्या तनुजाला देऊन टाकली. "तिच्या कार्यक्रमात वाजणारे." शिट्टी! कार्यक्रमात!

ही तनुजा तिशीची. नोकरी सोडून प्रायोगिक संगीत करते. जिन्यात भेटली की मला काका म्हणते. मी बावन्नचा आहे.

५ फेब्रुवारी
वरून सूर चालूच. बारीक, एकच, सुईसारखा. सकाळी चहाला, आणि दुपारी एक ते चारसुद्धा. नारायण पेठेत! या वेळात इथे कुत्रीही भुंकत नाहीत. सोसायटीचा सचिव या नात्याने नोटीस लावली: 'वरच्या मजल्यावरील शिट्टी तत्काळ बंद करावी. कलेला हरकत नाही, आवाजाला आहे.'

नम्रता म्हणते, "मला तर काही ऐकू येत नाही." तिला माझं तरी कुठे येतं!

७ फेब्रुवारी, शनिवार
तनुजा दारात. "काका, शिट्टी मी दोनदाच वाजवली हो." खोटारडी! वर आमंत्रण: "उद्या नक्की या. हॉल घेतलाय, रेकॉर्डिंग आहे. शिष्यवृत्तीसाठी गुरुवारपर्यंत पाठवायचंय, मिळाली नाही तर परत नोकरी."

येतो म्हणालो. पेपरातल्या माझ्या विनोदी सदराला विषय हवाच होता.

८ फेब्रुवारी
वाद्यं: पत्र्याची बादली, शिवणयंत्र, सायकलचं चाक आणि आमची शिट्टी. कधी काय वाजवायचं ते कवड्या टाकून ठरतं. कवड्यांना बादली फार आवडली. पंधरा मिनिटं बादलीच! शेजारचे गृहस्थ कानात म्हणाले, "नळाखाली ठेवली असती तर भरली तरी असती."

मग तनुजाने हात मांडीवर ठेवले. शेवटची पाच मिनिटं नुसती शांतता. तोच म्हणे रचनेचा गाभा. पंखे बंद, दारं बंद. दोन मिनिटं गेली असतील—

मी मोठ्याने म्हणालो, "वा! आता लागला सूर!"

हॉल खो खो हसला. रेकॉर्डिंग गेलं. तनुजा हसली नाही.

९ फेब्रुवारी
सदराचं शीर्षक सुचलं: 'बादलीभर शांतता'. चार ओळी लिहिल्या. फाडल्या.

संध्याकाळी तनुजा शिट्टी परत द्यायला आली. घासून, पुसून. "पुन्हा घे की रेकॉर्डिंग," मी. "हॉल महिनाभर मिळत नाही, काका. आणि घरी पंप, लिफ्ट, वॉचमनचा रेडिओ... राहू दे." भांडली असती तर बरं झालं असतं.

खरं लिहितो. इथे कोण वाचतंय! काल तिचे हात मांडीवर होते. शिट्टी समोर टेबलावर, गप्प. आणि सूर वाजतच होता. तोच—बारीक, एकच. तो वरच्या मजल्यावरचा कधी नव्हताच. माझी गाळण उडाली. कसला तरी आवाज हवा होता, कुठलाही. टवाळी तेवढी तोंडाशी होती.

१० फेब्रुवारी
कानाचे डॉक्टर: "आतूनच वाजतोय. थांबेल असं नाही. सवय करून घ्या."

नोटीस काढली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
शिट्टी वर नेऊन दिली. "दुपारी दीडला सुरू कर," एवढंच म्हणालो. लिफ्ट बंद केली, पंप बंद केला, वॉचमनचा रेडिओ बगलेत घेऊन तिच्या दाराबाहेर पायरीवर बसलो. कवड्या, बादली, पुन्हा बादली. मग ती पाच मिनिटं. कान वाजत होता. वाजू दिला. खोकला आला—गिळला.

खाली येऊन जेवलो. डाळ कच्चीच. दोनदा वाढून घेतली.